तरटावरचा गालिचा

गालिचा हा शब्द कानी पडला म्हणजे काश्मीर, इराण किंवा मिर्झापूर यांची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांना एकेक गाठ मारीत महिनोन् महिने विणलेली ती वस्तू. तिचे स्थान दरबारात किंवा धनिकांच्या दिवाणखान्यात. ज्या गालिच्याविषयी मी आज आपल्याशी बोलणार आहे त्याचे कूळ मात्र अगदी निराळे आहे. त्याला माग लागत नाही, गाठ लागत नाही, आणि विकत आणलेली लोकरही लागत नाही. एक रिकामे पोते, फाटक्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या आणि खिळा वाकवून लाकडी मुठीत बसविलेली एक आकडी, एवढ्या भांडवलावर तो तयार होतो. इंग्रजीत त्यास ‘हुक्ड रग’ असे म्हणतात. आपण त्याला आकडीचा गालिचा म्हणू. अमेरिकेच्या ईशान्य टोकाची मेन, न्यू हॅम्पशायर ही राज्ये आणि त्यांच्या पलीकडे असलेला कॅनडाचा नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक व न्यूफाउंडलंड हा समुद्रकाठचा मुलूख, हे त्याचे घर. कोळी, लाकूडतोडे आणि लहान शेतकरी यांच्या स्वयंपाकघरात, लांबलचक हिवाळ्याच्या रात्री, तो स्त्रियांच्या हातून घडत आला.

कृती ऐकावयास सोपी आहे. पोते उसवून त्याचे तरट चौकटीवर ताणावयाचे. कोळशाने त्यावर फूल, पान, घोडा, जहाज असे काहीतरी रेखाटावयाचे. जुन्या कोटांच्या आणि कांबळ्यांच्या पाव ते अर्धा इंच रुंदीच्या लांब पट्ट्या कापून घ्यावयाच्या. मग डाव्या हाताने पट्टी तरटाखाली धरावयाची, उजव्या हातातील आकडी विणीच्या छिद्रातून खाली घालावयाची आणि पट्टीचा एक लहानसा फंदा वर ओढून घ्यावयाचा. त्याच्या शेजारी दुसरा, दुसऱ्याच्या शेजारी तिसरा. असे हजारो फंदे दाटीवाटीने उभे राहिले म्हणजे गालिचा झाला. कोठेही गाठ नाही, टाका नाही. गच्च भरलेल्या आगगाडीच्या डब्यात उभ्या माणसाला पडावयास जागाच नसते, तशी या फंद्यांची स्थिती असते. एकमेकांच्या दाबाने ते जागच्या जागी राहतात.

आपल्याकडची गोधडी ही या गालिच्याची सख्खी नसली तरी चुलत बहीण खचित म्हणता येईल. दोन्हींचा जन्म जुनेरात झाला, आणि दोन्हींमध्ये घरातील माणसांचे कपडे ओळखू येतात. परंतु एक भेद मोठा आहे. गोधडीतील धावदोरा सगळ्या थरांना एकत्र शिवून टाकतो. एक थर विरला तरी दुसरा त्यास सांभाळतो. आकडीच्या गालिच्यात सांभाळणारे एकटे तरट असते. वरची लोकर शंभर वर्षे टिकेल अशी दणकट असली, तरी खालचे तरट कुजले की तिला उभे राहावयास भूमीच उरत नाही. जुना गालिचा दुरुस्त करावयाचा म्हणजे वस्तुतः हे न दिसणारे तरट सांभाळावयाचे.

आता हे तरट कोठले? मेनमध्ये किंवा न्यूफाउंडलंडात ताग उगवत नाही. तो उगवतो बंगालच्या पाणथळ भूमीत. स्कॉटलंडमधील डंडी या शहरात देवमाशाच्या तेलाने ताग मऊ करून यंत्रावर कातण्याची युक्ती १८३० नंतरच्या दशकात साधली, आणि तेथून तागाचे तरट व पोती जगभर जाऊ लागली. १८५५ साली हुगळीच्या काठी रिश्रा येथे पहिली ताग गिरणी निघाली, आणि पुढे कलकत्ता हे पोत्यांच्या व्यापाराचे मोठे केंद्र झाले. धान्य, साखर, पशुखाद्य या सर्वांबरोबर हे पोते अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत पोहोचले. त्यापूर्वी तेथे घरगुती गालिचे तागाच्या तरटावर होत नव्हते. सणाचे किंवा सुताचे जाडेभरडे कापड वापरीत, पण त्याची वीण घट्ट, आणि त्यात आकडी घालणे कष्टाचे. तागाची वीण विरळ, छिद्रे सारखी, आणि किंमत जवळजवळ शून्य. आकडीच्या गालिच्याचे मूळ इंग्लंडातले की अमेरिकेतले यावर जाणकार अजून वाद घालतात. परंतु तो घरोघर पसरला तो बंगालच्या पोत्यामुळे, याविषयी फारसा मतभेद नाही. न्यूफाउंडलंडच्या बोलीत या तरटाला ‘ब्रिन’ असे स्वतंत्र नावही आहे.

या कलेत दोन माणसांची नावे घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. एक मेनमधील बिडेफर्ड गावचा एडवर्ड सँड्स फ्रॉस्ट. हा पत्र्याची भांडी दारोदार विकणारा फेरीवाला होता. गिऱ्हाइणींना नक्षी काढता येत नाही, पण हवी असते, हे त्याच्या ध्यानी आले. १८६८ च्या सुमारास त्याने पत्र्याचे छाप कापून तरटावर नक्षी छापून विकण्यास आरंभ केला. १८७६ साली त्याने धंदा दुसऱ्यास विकून टाकला. त्याच्या नक्ष्या मात्र पुढे कित्येक वर्षे विकल्या जात होत्या. तेव्हापासून मेनच्या दहा घरांत एकाच सिंहाचे किंवा एकाच पुष्पगुच्छाचे दहा गालिचे आढळू लागले. काही रसिक याबद्दल फ्रॉस्टला दोष देतात. मला तो दोष पटत नाही. रांगोळीचे ठिपके पुस्तकातून घेतले म्हणून रांगोळी परकी होत नाही, आणि एकाच छापावरचे दोन गालिचे शेजारी ठेवले तर दोघींच्या घरी कोणते कपडे जुने झाले होते ते लगेच कळते.

दुसरे नाव डॉक्टर विल्फ्रेड ग्रेनफेल यांचे. १८९२ साली ते लॅब्रॅडोरच्या किनाऱ्यावरील कोळ्यांची सेवाशुश्रूषा करण्यास प्रथम गेले. औषधाने रोग बरा होतो, दारिद्र्य बरे होत नाही, हे त्यांच्या लवकरच अनुभवास आले. १९०६ मध्ये जेसी लूथर या अमेरिकन बाई न्यूफाउंडलंडातील सेंट अँथनी येथे हस्तव्यवसायाचे काम उभारण्यास आल्या, आणि किनाऱ्यावरच्या स्त्रियांना जी कला आधीच अवगत होती तिला बाहेरच्या बाजारपेठेची वाट मिळाली. पुढे अमेरिकेतील व कॅनडातील स्त्रियांकडून फाटके रेशमी पायमोजे मागवून, ते रंगवून, त्यांचे गालिचे होऊ लागले. एका चौरस इंचात २०० पर्यंत फंदे असलेले हे हिमाच्छादित किनाऱ्याचे, अस्वलांचे आणि बदकांचे देखावे आज संग्रहालयांत जपले जातात.

काही वर्षांपूर्वी सरकारी कामानिमित्त मला अमेरिकेत दीड वर्ष राहावे लागले. परत येण्यापूर्वी मेनच्या समुद्रकाठी एका लहान गावात, जुन्या सामानाच्या दुकानात, मी असा एक गालिचा घेतला. लांबी पाच फूट, रुंदी तीन फूट. मध्ये तपकिरी जमिनीवर गुलाबांचा गुच्छ, भोवती वळणदार पानांची किनार. तो जसा घेतला तसा चांगला मुळीच नव्हता. त्याच्या निमित्ताने जे वाचले, जाणत्यांकडून ऐकले आणि हाताने केले, तेच पुढे सांगत आहे.

जुना गालिचा घेताना प्रथम डोळ्यांनी नव्हे, कानांनी तपासावा. एक कोपरा दोन्ही हातांत हलकेच धरून किंचित वाकवावा आणि कान जवळ न्यावा. बारीक कडकड ऐकू आली, किंवा खाली तपकिरी भुकटी पडली, तर तरट वाळून मोडू लागले आहे असे समजावे. त्याचे कारण तागाच्या घटनेत आहे. तागात लिग्निन नावाचे काष्ठद्रव्य असते. ते सुमारे आठवा हिस्सा भरते. प्रकाश, हवा आणि दमटपणा यांनी त्याचे विघटन होते, आम्ल निर्माण होते, आणि धागा ठिसूळ होतो. वर्तमानपत्राचा स्वस्त कागद पिवळा पडून चुरतो तो याच द्रव्यामुळे. ज्यांनी जुन्या कचेऱ्यांतील दप्तरे उलगडली आहेत त्यांना तो चुरा आणि तो वास नव्याने सांगावयास नको.

तरट असे झाले असेल तर तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्या. गालिचा झटकू नये, दोरीवर टाकून काठीने बडवू नये, आणि घडी घालू नये. न्यू इंग्लंडच्या जुन्या गृहिणी कोरड्या भुसभुशीत बर्फावर गालिचा पालथा घालून वरून थोपटीत आणि त्यातली धूळ बर्फात उतरवीत. ही रीत ऐकावयास फार रम्य आहे, आणि नव्या मजबूत गालिच्याला ती सोसतही असेल. शंभर वर्षांच्या तरटाला ती सोसणार नाही. तितकीच घातक दुसरी हौस म्हणजे धुण्याची. पाण्याने तागातील तपकिरी रंग वर चढून लोकरीवर डाग पडतात, जुने लाल आणि काळे रंग फुटतात, आणि ओल्या लोकरीचे वजन तरटास पेलवत नाही. माझ्या मते घरी धुणे हा मार्गच नव्हे.

मग स्वच्छ कसे करावे? कोरडेपणाने आणि सावकाश. गालिच्यात जी वाळू बसलेली असते तिचे कण चालणाऱ्याच्या प्रत्येक पावलाबरोबर धागे कापीत असतात. म्हणून धूळ काढणे ही केवळ शोभेची गोष्ट नव्हे. गालिचा सपाट मेजावर पसरावा, त्यावर प्लॅस्टिकची बारीक जाळी ठेवावी, आणि व्हॅक्यूम क्लीनरचा ओढ अगदी मंद ठेवून जाळीवरून इंच इंच फिरवावा. जाळी नसेल तर सुटलेला एखादा फंदा नळीत ओढला जातो, आणि गाठ नसल्याकारणाने सबंध ओळ त्याच्यामागून उसवत येते. पुढली बाजू झाली की खाली चादर घालून, दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून, गालिचा पालथा करावा आणि पाठीमागून तेच करावे. फारच मळलेली जागा असेल तर प्रत्येक रंगावर आधी शुद्ध पाण्याचा एक थेंब टाकून पांढरा टिपकागद दाबून पाहावा. कागदास रंग लागला तर तेथेच थांबावे. न लागला तर सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने फक्त फंद्यांचे माथे पुसावे. ओल तरटापर्यंत जाता कामा नये.

कसरीचा संशय असल्यास, म्हणजे फंद्यांच्या बुडाशी पांढरे जाळे किंवा कण दिसल्यास, गालिचा नळीसारखा गुंडाळून पॉलिथिनमध्ये हवाबंद करावा आणि उणे १८ अंश किंवा त्याहून थंड अशा शीतपेटीत दोन आठवडे ठेवावा. बाहेर काढल्यावर तो खोलीच्या उष्णतेस पुरता येईपर्यंत पिशवी उघडू नये, एरवी थंड लोकरीवर दव धरते. डांबराच्या गोळ्यांपेक्षा हा उपाय निर्धोक आहे.

पालथा केलेला गालिचा पाहणे हा या उद्योगातील मला सर्वांत आवडलेला भाग. पाठीवर ऊन पडलेले नसते. पुढून फिकट गुलाबी दिसणारे माझे गुलाब पाठीमागून गडद किरमिजी निघाले, आणि मातकट वाटणारी किनार चक्क हिरवी होती. ज्या दिवशी तो चौकटीवरून उतरला त्या दिवशी तो कसा दिसत होता, ते पाठ पाहिल्याखेरीज कळत नाही. परंतु दुरुस्तीसाठी रंग जुळवावयाचा तो पुढच्या विटलेल्या रंगाशी. पाठीशी जुळविला तर दुरुस्ती लांबूनही ओरडते.

पाठीवरच मागच्या मालकांचे हातही दिसले. एका बाजूला कोणीतरी रबराच्या चिकाचा जाड थर फासला होता. विसाव्या शतकात ही युक्ती बरीच चालली. फंदे जागी राहावेत असा तिचा हेतू. काही दशकांत तो चीक कडक होऊन भेगाळतो, आणि सोलू गेले तर तरटासकट निघतो. अशा वेळी जेवढा आपोआप सुटत असेल तेवढा चिमट्याने उचलावा, बाकीच्यास हात लावू नये. नवा चीक तर कोणी कितीही आग्रह केला तरी लावू नये.

प्रत्यक्ष दुरुस्तीत तीन प्रकार येतात. जेथे तरट शाबूत आहे आणि केवळ फंदे गेले आहेत, तेथे जुळत्या रंगाची लोकर घेऊन आकडीने ओळ पुन्हा भरावयाची. फंद्याची उंची शेजाऱ्यांएवढी असावी, आणि प्रत्येक छिद्रात फंदा घालू नये. फार दाटी झाली तर गालिचा फुगतो आणि तरट फाटते. लोकर नवी कोरी घेऊ नये. जुना फ्लॅनेलचा कोट किंवा कांबळे यांची वापरून मऊ झालेली वीणच शेजारी शोभते. रंग थोडा कमी-अधिक करावयाचा असल्यास तुरटी घालून कांद्याच्या सालींच्या काढ्यात लोकर उकळावी. पिवळा-तपकिरी छटांसाठी ती पुरते. काळ्यासाठी लोखंडाचा उपयोग मात्र करू नये. जुने रंगारी तो करीत, आणि म्हणूनच जुन्या गालिच्यांत काळ्या रेघा सर्वांआधी झडलेल्या दिसतात. माझ्या गुलाबांची बाह्यरेषा जवळजवळ निम्मी अशीच गेली होती.

जेथे तरटालाच भोक पडले आहे तेथे खाली ठिगळ द्यावे लागते. ठिगळ भोकापेक्षा चहूबाजूंनी दोन इंच मोठे हवे, म्हणजे ते सशक्त भागापर्यंत पोहोचते. भोकाच्या कडेचे कमकुवत फंदे अलगद काढून कागदाच्या पाकिटात ठेवावे, ठिगळ वाकड्या सुईने सैल टाक्यांनी जोडावे, आणि काढलेल्याच पट्ट्या दोन्ही थरांतून पुन्हा ओढाव्या. हे सारे मेजावर, गालिचा सपाट ठेवून करावयाचे. जुना गालिचा चौकटीवर ताणला तर एक भोक बुजवताना चार पडतात. तिसरा प्रकार कडांचा. कडा झिजल्या असतील तर सुती पट्टी दोन्ही बाजूंनी दुमडून शिवावी. येथे फार सांगण्याजोगे काही नाही. उशीच्या अभ्र्याची शिवण ज्यास येते त्यास हेही येईल.

ठिगळ कशाचे घ्यावे, या प्रश्नाने मात्र मला बरेच दिवस छळले. मेनहून परतल्यावर माझी बदली कोलकात्यास झाली. ज्या हुगळीच्या काठावरून असली पोती जगभर गेली त्याच काठी तो गालिचा येऊन पडला होता. बाजारात उत्तम नवे तरट सहज मिळते. त्याच मातीच्या तागाने त्याला सांधावे, असे कोणालाही वाटेल; मलाही वाटत होते. परंतु नवा तागही तागच. तो पन्नास-साठ वर्षांनी तसाच कुजणार, आणि त्यातील आम्ल शेजारच्या जुन्या धाग्यांस लागणार. जाणते दुरुस्तीकार म्हणून जवसाच्या धाग्याचे, म्हणजे लिननचे, कापड घेतात. त्यात ते काष्ठद्रव्य फार थोडे असते. मी लिनन आणले, गरम पाण्यात धुऊन आटवून घेतले, आणि तेच लावले. ठिगळाचा रंग तरटाहून निराळा असल्याने पाठीमागून ते लपत नाही. तसे ते लपूही नये.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक होता. किनारीचे एक पान बाकीच्या पानांशी जुळत नव्हते. त्याचा हिरवा निराळा, फंदे मोठे, आणि खाली ठिगळ निळ्या चौकटीच्या सुती कापडाचे. फार पूर्वी, बहुधा त्याच घरात, कोणा दुसऱ्या हाताने ते पान नव्याने भरले असावे. एका जाणत्या व्यापाऱ्याने मला सांगितले होते की ते पान उपटून मूळ रंगात भरले तर गालिच्याची किंमत वाढेल. बाजाराच्या दृष्टीने त्याचे म्हणणे खरे आहे. वस्तू नव्यासारखी दिसावी, दुरुस्ती ओळखू येऊ नये, ही बाजाराची मागणी असते. संग्रहालयांची रीत उलट: आहे तेवढे धरून ठेवावे, गेलेले शक्यतो भरू नये, आणि जे करू ते पुढे कोणास काढता यावे. घरातला माणूस या दोहोंच्या मध्ये उभा असतो. त्याला गालिचा विकावयाचाही नसतो आणि काचेच्या कपाटातही ठेवावयाचा नसतो. मी गेलेली बाह्यरेषा भरली, कारण तिच्यावाचून गुलाब जमिनीत विरघळत होते. ते पान तसेच ठेवले. ज्या बाईने मूळ गालिचा केला तिचे नाव कळण्याचा काही मार्ग नाही, आणि जिने पान भरले तिचेही नाही. त्यांतील एकीचे काम काढून दुसरीचे शुद्ध करण्याचा अधिकार मला कोणी दिला, हे मला सांगता आले नसते.

शेवटी ठेवण्याविषयी. दुरुस्त झाला तरी असा गालिचा रहदारीच्या वाटेवर घालू नये. दारापासून दूर, खाली जाड नमदा घालून, खुर्चीचे पाय येणार नाहीत अशा जागी तो पडून राहिला तर बरे. न्यूफाउंडलंडात म्हणे रोजच्या वापरात गालिचा पालथा घालीत आणि रविवारी किंवा पाहुणे आले म्हणजे सुलटा करीत. भिंतीवर टांगावयाचा असेल तर खिळ्यांनी नव्हे. पाठीला सबंध रुंदीचे कापड शिवून त्याच्या नेफ्यातून काठी घालावी, म्हणजे वजन सारखे वाटले जाते. गुंडाळून ठेवावयाचा तर फंदे बाहेरच्या अंगाला येतील असा, जाड नळीवर, जुन्या धुतलेल्या सुती चादरीत. फंदे आत ठेवले तर ते एकमेकांवर दाबले जातात आणि तरटावर ताण येतो. बंगालच्या किंवा कोकणच्या पावसाळ्यात तर त्याला भिंतीला टेकून उभा करू नये आणि दर पंधरा दिवसांनी उलगडून हवा द्यावी.

माझ्या गालिच्याच्या पाठीला मी एक लहान सुती खिसा शिवला आहे. त्यात साध्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेले एक टिपण आहे: कोणत्या ओळी नव्या भरल्या, लोकर कोणत्या कोटाची, ठिगळे किती आणि कशाची, काम कोणत्या महिन्यात केले. निळ्या ठिगळाचे पान दुरुस्तीपूर्वीच तेथे होते, हेही त्यात नोंदले आहे.